बंद केलेलं पान

गिरगाव, मुंबई ४
६ डिसेंबर १९५९

प्रिय वीरू,

अनेक आशीर्वाद.

आज माळ्यावरून ब्राऊन पेपरची जुनी गुंडाळी काढली आणि जूनमधला एक शनिवार आठवला. तू तिसरीत असशील. आपण दोघं जेवणाच्या टेबलावर तुझ्या पुस्तकांना कव्हरं घालत होतो. मी कात्री चालवायची, तू खळ लावायची. अर्धी खळ कागदाला लागत होती आणि अर्धी तुझ्या पोटात जात होती. तेवढ्यात तुझे पपा ऑफिसातून आले, वाटीत डोकावले आणि म्हणाले, "उर्मिला, याला आज वाढू नकोस. त्याचं जेवण झालंय." त्या दिवशी एवढंच झालं. पण आता वाटतं, घर म्हणजे असे काही न घडलेले शनिवारच असतात.

येत्या जानेवारीत दादाला, तुझ्या पपांना, जाऊन चार वर्षं होतील. तुझी आई तब्येतीनं बरी आहे. देवपूजा, वाचन, थोडं विणकाम चालतं. रस्त्याकडच्या खिडकीत मात्र ती अजून उभी राहत नाही. मुंबई महाराष्ट्राला मिळणार असं आता वर्तमानपत्रंही म्हणू लागली आहेत. खाली मुलांनी पेढे वाटले, एक पुडा वरही आणून दिला. तुझ्या आईनं तो देवापुढे ठेवला आणि खिडकी लावून घेतली.

आता कामाचं. परवा तुझे कमलाकांतकाका आले होते. सॉलिसिटरच्या कचेरीत जन्म गेल्यामुळे ते चहासुद्धा साक्षीदारासमोर घेतल्यासारखा घेतात. त्यांनी एक कागद तयार केला आहे, तो वेगळ्या टपालानं तुझ्याकडे येईल. लवू शिपाई येत्या मार्चअखेर निवृत्त होतो आहे. छप्पन सालच्या संचारबंदीत आपल्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांचा नाका होता, त्यावर तो उभा होता. दादा पाणीखात्यात, म्हणून त्याच्याकडे संचारबंदीचा पास होता. दुपारी दंगा वाढला म्हणून ते सगळे पास रद्द झाले, आणि तरी लवूनं दादाला पलीकडे जाऊ दिलं. पुढचं मी लिहीत नाही. लवूच्या नोंदीत तो शेरा अजून उघडा आहे, आणि पेन्शन मंजूर करण्याआधी खात्याला वारसाचं म्हणणं हवं आहे. काकांच्या कागदात असं लिहिलं आहे, की पास रद्द झाल्याचं लवूला ठाऊक होतं आणि त्यानं निव्वळ ओळखीखातर सोडलं. तू सही केलीस की त्याचं पेन्शन गेलं. मी तुला हे कर किंवा ते कर असं म्हणणार नाही.

मला दुसरंच मागायचं आहे. तुझ्या पत्रांत धुकं, कोळशाची भट्टी आणि उकडलेले बटाटे याखेरीज काही नसतं. तू तिथे दिवसभर करतोस तरी काय? मला कळणार नाही असं समजू नकोस. कॉन्व्हेंटात गणितात मी पहिली यायची. सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, ही मुलगी प्रश्न फार विचारते, पण बरोबर जागी विचारते.

तुझी,
उर्मिलाआत्या


शेफील्ड
२० डिसेंबर १९५९

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार.

काकांचा कागद आला. आज रविवार आहे. पुढच्या आठवड्यात इथल्या नोटरीसमोर सही करून धाडीन. त्या माणसाविषयी याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही, आणि तूही लिहू नयेस अशी विनंती.

तू कामाचं विचारलंस याचा मात्र आनंद झाला. इथे कोणी विचारत नाही, कारण सगळे तेच करतात.

आमच्या प्रयोगशाळेत एक गणितयंत्र आहे, आपल्या दिवाणखान्यापेक्षा मोठं. त्याच्या स्मृतीत आकडे साठतात. ती स्मृती आम्ही सारख्या आकाराच्या तुकड्यांत वाटली आहे आणि तुकड्याला पान म्हणतो. एकाच वेळी तिघाचौघांची गणितं यंत्रात असतात. एकाचं गणित दुसऱ्याच्या पानावर चढलं तर सत्यानाश. म्हणून प्रत्येक पानाला एक खूण असते. काही पानं नुसती वाचता येतात. काहींवर लिहिताही येतं. आणि काही पानांवर हुकूम असतात: हे मिळव, ते वजा कर, तिकडे जा. यंत्रानं ते पाळायचे असतात, पण कोणी बदलायचे नसतात. कुठल्या पानाला कुठली खूण, याची यादी एक देखरेखीचा प्रोग्राम सांभाळतो. तो स्वतः गणित करत नाही. दिवसभर यंत्रातच बसून असतो आणि बाकीच्यांना शिस्त लावतो. तो लिहिणं हे माझं काम.

खरी मेख अशी, की खूण कायमची नसते. नवं गणित आलं की त्याचे हुकूम आधी पानावर लिहून घ्यावे लागतात, म्हणजे तोवर ते पान लिहिण्याला मोकळं हवं. लिहून झालं की देखरेख्या खूण बदलतो: आता फक्त वाचा आणि पाळा, लिहिणं बंद. मग यंत्र पुढे चालू.

सध्या आम्ही वैतागलो आहोत. बंद केलेल्या पानावर कधीकधी लिहिलं जातं. माझा सहकारी जॉर्ज, त्याचं पोलादाच्या पट्ट्यांचं मोठं गणित असं दोनदा नासलं. देखरेख्याची यादी काढून पाहिली तर खूण बरोबर: बंद. तरी लिहिलेलं आहे! आणि आम्ही मुद्दाम, सावकाश, एकेक पायरी करून तपासलं तर काही म्हणजे काही होत नाही. जॉर्ज म्हणतो यंत्रात भूत आहे. मी म्हटलं, आमच्याकडे अशा वेळी नारळ फोडतात. तो खरंच कुठे मिळेल विचारत होता.

आईला सांग, लोकरीचा मफलर पोचला. रोज घालतो.

तुझा,
वीरू


गिरगाव
४ जानेवारी १९६०

प्रिय वीरू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तू लिहिलंस म्हणून, दुसऱ्यांदा समजावं म्हणून, तिसऱ्यांदा तुझ्या आईला मोठ्यानं. ती म्हणाली, "म्हणजे तो तिकडे मुकादम झालाय तर. एवढं शिकून!" मी म्हटलं, मुकादम नाही, तो मुकादम बनवतो. यावर तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. तेव्हा तुमच्या देखरेख्याचं नाव आमच्या घरी आता मुकादम पडलं आहे.

मला ते असं समजलं, बघ बरोबर आहे का. आमच्या कॉन्व्हेंटात दाराशी दिवसाचं वेळापत्रक लावलेलं असे. ते आम्ही वाचायचं आणि निमूट पाळायचं. खडू मात्र फक्त सिस्टर ॲग्नेसच्या खिशात. पाटी आमची, ती कितीही पुसा. ॲटलास नुसता बघायचा, त्यावर पेन्सिल टेकवली की हातावर पट्टी. तीच तुमची तीन तऱ्हेची पानं.

आता माझा प्रश्न. कोणी पानावर लिहायला गेलं की त्या पानाची खूण बघतं कोण? मुकादम स्वतः उठून दरवेळी यादी बघतो, की यंत्राचा आणखी कुणी दारवान आहे? आणि तो दारवान दरवेळी यादीकडे बघतो, की एकदा बघून लक्षात ठेवतो? आमच्या शाळेच्या फाटकावरचा म्हातारा पहिल्या दिवशी चिठ्ठी मागे, नंतर तोंड बघून सोडी. माझं नाव शाळेतून काढलं असतं तरी पुढे आठवडाभर मी आत गेले असते.

तू लिहू नकोस म्हणालास, तरी एक गोष्ट लिहिणं भाग आहे. गेल्या मंगळवारी लवू घरी आला होता. दार मी उघडलं. गावाहून आणलेली आमसुलं कागदात बांधून आणली होती. आत आला नाही, जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. तुझ्या आईनं स्वयंपाकघरातूनच ओळखलं.

"कोण आहे, वन्सं?"

मी नाव सांगितलं.

"त्याला म्हणावं, आमसुलं तुझ्याच आमटीत घाल." आणि स्वयंपाकघराचं दार लागलं.

त्यानं ऐकलं. मान खाली घालून म्हणाला, "बाय, मी पेन्शनीसाठी नाय इलंय. फक्त येक सांगूक इलंय. माका कोणी सांगूकच नाय. सकाळी सायबांचो पास बघितलेलो. दुपारी परत कित्याक मागू? रोजचो माणूस. पास रद झालो ह्या माका सांजेक बदलीचो शिपाय इलो तेवा कळला. तेवा मगे..." आमसुलं पायरीवर ठेवून गेला. ती मी आणली आणि माझ्या कपाटात ठेवली आहेत. तुझ्या आईला माहीत नाही.

मी लवूवर विश्वास ठेवते की नाही, हे मलाच ठाऊक नाही. पण सही करायची थांब. फार नाही, थोडे दिवस थांब.

आत्या


शेफील्ड
१५ जानेवारी १९६०

आत्या,

तुझं पत्र काल मिळालं. कागद मी नाताळाआधीच सही करून काकांकडे धाडला आहे. आता थांबण्याचा प्रश्नच उरत नाही.

तू त्याला दारात उभं राहू दिलंस कसं? त्या आठवड्यात मी इथे तारेचा कागद हातात घेऊन उभा होतो. बोटीचं तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी पपांना शेवटचं पाहिलंही नाही. त्याला "माका कोणी सांगूकच नाय" हे चार वर्षांनी, पेन्शनच्या तोंडावर सुचलं, आणि तू ते मला त्याच्याच भाषेत लिहून पाठवतेस! तुला सगळ्यांची दया येते. ते तुझ्या कॉन्व्हेंटचं शिक्षण असेल. माझं तसं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, दरवेळी यादी बघितली तर यंत्र गोगलगाईसारखं चालेल. यादी दूर ठेवलेली असते. म्हणून नुकत्याच वापरलेल्या थोड्याशा पानांच्या खुणा यंत्र जवळच्या कप्प्यांत ठेवतं आणि तिथेच बघतं. नवं पान लागलं की जुना कप्पा मोकळा करून त्याची खूण आणून ठेवतं. पण तू हे का विचारलंस ते कळलं नाही.

आईला नमस्कार.

वीरेंद्र


गिरगाव
२६ जानेवारी १९६०

प्रिय वीरू,

तू रागावून 'वीरेंद्र' अशी सही केलीस. लहानपणीही रागावलास की पूर्ण नाव सांगायचास. रागाव, माझी हरकत नाही.

पण आज मी तुला तो दिवस सांगणार आहे. तू आजवर विचारला नाहीस आणि मी सांगितला नाही, कारण दोघांनाही वाटायचं, समोरच्याला सोसणार नाही.

दादा सकाळी एकदा कामावर जाऊन आला होता. नाक्यावर लवूनं पास मागितला, नीट वाचला, परत दिला. मी गॅलरीत होते. दुपारी दादा घरी जेवला. तुझ्या आईनं वांग्याचं भरीत केलं होतं. परळकडे पाण्याची कुठलीशी मोठी नळी बिघडल्याचा निरोप आधीच आला होता, म्हणून तो हात धुऊन लगेच निघाला. मी गॅलरीत मटार सोलत बसले होते. खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. दादा नाक्याशी पोचला आणि त्यानं खिशात हात घातला, पास काढायला. लवूनं हात हलवला, "जावा, सायेब, जावा." दादानं पास बाहेर काढलाच नाही. लवूनं टोपीला हात लावला. दादा वळला आणि कोपऱ्याआड गेला. त्यानंतर गोळ्यांचे आवाज आले ते पलीकडच्या रस्त्यावरून.

वीरू, तो माणूस ओळखीखातर कायदा मोडतो आहे असं मला तेव्हा दिसलं नाही. दोन माणसं रोजच्यासारखी वागली, एवढंच दिसलं.

परवा कमलाकांत आले तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, लवूला ठाऊक होतं हे तुम्ही कशावरून म्हणता?

"कशावरून म्हणजे? पास रद्द केल्याचा हुकूम दुपारी चौकीच्या टेबलावर पोचल्याची नोंद आहे. मी स्वतः पाहिली."

"चौकीच्या टेबलावर. आणि नाक्यावर?"

"चौकी काय नि नाका काय, एकच!"

"मधे अख्खं पोर्तुगीज चर्च आहे, कमलाकांत. आणि त्या दिवशी मधे दगड पडत होते."

ते चिडले. "उर्मिला, तू कॉन्व्हेंटात शिकलीस म्हणून तुला क्षमेचं भारी कौतुक! आमच्या कचेरीत पुरावा लागतो."

मी म्हटलं, "क्षमा कोण मागतंय? मी पत्ता विचारतेय. हुकूम कुठल्या पत्त्यावर पोचला?"

तुझी आई आतून सगळं ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "वन्सं, तुम्ही त्याची बाजू घेता?" मी म्हटलं, "नाही, यशोदा. मला कळायला हवंय." ती म्हणाली, "तो दोषी नसेल तर मग मी चार वर्षं कुणावर रागावत होते?" हा प्रश्न मी तुझ्यासाठी लिहून ठेवत नाही, मला एकटीला तो पेलवत नाही म्हणून लिहिते.

आता तुझं यंत्र. तू लिहितोस, मुकादमाची यादी दूर असते आणि दारवान जवळच्या कप्प्यात बघतो. मग मुकादमानं यादीत खूण बदलली की कप्प्यातली खूण आपोआप बदलते का? की कप्प्यात जुनीच राहते, "हे पान मोकळं आहे" अशी? तसं असेल तर यादी बघणाऱ्याला सगळं बरोबर दिसेल, आणि तरीही लिहिलं जाईल. सावकाश तपासताना मधे दुसरी पानं येत असतील, त्यांच्यासाठी तो कप्पा मोकळा होत असेल, म्हणून तुम्हाला काही सापडत नसेल. मी गणित बायकांच्या शाळेत शिकलेली बाई आहे, माझं चुकत असेल तर जॉर्जला सांगून हसा.

तुझा कागद काकांनी चौकशी अधिकाऱ्याच्या कचेरीत दिला आहे. निकाल मार्चमध्ये आहे.

आत्या


शेफील्ड
२५ फेब्रुवारी १९६०

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार.

महिनाभर लिहिलं नाही. कारण सांगतो.

तुझं पत्र घेऊन मी प्रयोगशाळेत गेलो, ते तुझं चुकलं आहे हे दाखवायला. कप्पे भरतात कसे याचा आराखडा मांडून बसलो. जॉर्ज मागे येऊन उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं शीळ घातली आणि विचारलं, "तुझी ही आत्या कुठल्या विद्यापीठात असते?" मी म्हटलं, गिरगावात.

तू म्हणालीस तसंच होतं. देखरेख्या यादीत खूण बदलत होता, पण कप्प्यात जुनी खूण तशीच राहायची. बंद करण्याच्या अगदी आधी त्या पानावर कोणी लिहिलं असेल तरच. म्हणजे पान ओळखीचं असेल तरच. अनोळखी पानासाठी यंत्र यादीपर्यंत जायचं आणि बरोबर अडवायचं. ओळखीच्याला मात्र सोडायचं. जॉर्जचं गणित या फटीतून नासत होतं.

आता आम्ही क्रम बदलला आहे. यादीत खूण बदलायची, मग त्या पानाचा कप्पा पुसायचा, पुसला गेल्याची खात्री होईपर्यंत सगळ्यांना थांबवायचं, आणि त्यानंतरच काम पुढे सुरू करायचं. यादी बदलली म्हणजे काम झालं असं आम्ही समजत होतो. ते झालेलं नसतं. जुनी खूण जिथे जिथे कुणी जवळ बाळगून आहे, तिथे तिथे पोचावं लागतं.

हे सगळं दुरुस्त झालं त्या दिवशी बाकीचे प्यायला गेले आणि मी खोलीवर येऊन पडलो.

आधी मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. म्हटलं, माणूस म्हणजे कप्पा नाही. त्याला तोंड आहे, त्यानं विचारायचं. मग मी स्वतःलाच म्हटलं, बरं, त्यानं काय विचारायला हवं होतं? "सायेब, सकाळचो पास अजून चालता मां?" पपा हो म्हणाले असते. त्यांनाही तेच ठाऊक होतं. बरं, त्यानं पास पुन्हा मागायला हवा होता. पपांनी तो काढून दिला असता, आणि तो सकाळी होता तसाच असता. तीच सही, तोच शिक्का. बदललं होतं ते पासावर नव्हतंच, ते दूर चौकीच्या टेबलावर होतं. लवूनं सगळं नियमानं केलं असतं तरी पपा त्या कोपऱ्याआड गेलेच असते.

यातून सुटायला वाट शोधत मी पहाटेपर्यंत बसलो, आत्या. सापडली नाही. दोष द्यायला मला कोणीतरी हवं होतं आणि तो तोंडओळखीचा होता, एवढंच शेवटी उरलं. लहानपणी शाळेत जाताना रस्ता ओलांडताना तो माझं दप्तर धरायचा, हे मी चार वर्षांत एकदाही आठवू दिलं नव्हतं.

आईच्या प्रश्नाबद्दल: तिला सांग, मीही त्याच्यावरच रागावत होतो, आणि मलाही आता हात रिकामे वाटतात. मी सप्टेंबरात येतो आहे. तिकीट काढलं.

नोटरीसमोर नवं म्हणणं लिहून दिलं आहे. त्यात असं आहे: "माझे वडील मनमोहन त्रिलोकेकर आणि नाक्यावरील शिपाई लवू, या दोघांनाही पास रद्द झाल्याची खबर नव्हती. हुकूम चौकीत पोचला होता, नाक्यावर पोचला नव्हता. लवू याचा दोष आहे असं मी मानत नाही. डिसेंबरात मी सही केलेलं म्हणणं मी मागे घेतो." बस्स, एवढंच.

सोबत चार प्रती आहेत. नवं म्हणणं पाठवून माझं काम संपत नाही, हे मला आता चांगलं कळलं आहे. जुनं कुणाकुणाच्या हातात आहे तिथे प्रत्येक ठिकाणी जावं लागेल, आणि ते मला इथून करता येत नाही. म्हणून तुला त्रास देतो.

शिक्क्याची प्रत चौकशी अधिकाऱ्याची. ती टपालानं नको, तू स्वतः ने. पोच घे. आणि तिथल्या कारकुनाला विचार की माझा जुना कागद पुढे आणखी कुठल्या टेबलावर गेला आहे का. पेन्शनच्या शाखेत गेला असेल तर तिथेही जा, आणि तिथल्या कागदावर तो मागे घेतल्याचं लिहिलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठू नकोस. तो पुढे पाठवू, बघू, असं म्हणाला तर बसून राहा. तुला बसून राहता येतं.

दुसरी कमलाकांतकाकांची. त्यांनी जुन्या कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवली असणार, ते ठेवतातच. ती मागून घे. चिडले तर चिडू दे. त्यांना म्हण, पुरावा त्यांनीच आणून दिला, आम्ही फक्त पत्ता वाचला.

तिसरी आईची. तिला वाचून दाखवू नकोस आणि समजावूही नकोस. तिच्या उशाशी ठेव. वाचेल तेव्हा वाचेल.

चौथी लवूची. ती चौकीवर नेऊन देऊ नकोस. त्याला घरी बोलाव. आई आत येऊ देत असेल तर टेबलाशी बसव, नाही म्हणाली तर जिन्याजवळ खुर्ची टाक, पण उभा ठेवू नकोस. प्रत त्याच्या हातात देण्याआधी तू ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. मधलं दार लागलेलं असलं तरी स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाच.

तुझा,
वीरू